जयप्रभा स्टुडिओ: जागा वाचेल, चित्रपटांचं काय?

कोल्हापूरच्या जयप्रभा स्टुडिओची जागा विकली गेल्याचं 2022 मध्ये समोर आलं आणि कलाकार, तंत्रज्ञ आंदोलनाला बसले. भालजी पेंढारकरांचा हा स्टुडिओ पुढे लता मंगेशकर यांच्याकडे आला होता. इथे पुन्हा चित्रीकरण व्हावं, अशी मागणी होती.

प्रश्न फक्त जागेचा आहे का?

नाही. बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात स्वतः कॅमेरा बनवला आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. 1925 च्या ‘सावकारी पाश’मध्ये व्ही. शांताराम यांनी नाडलेला शेतकरी रंगवला. हा मूकपट आज पाहायलाच मिळत नाही.

चित्रपट नाहीसे कसे झाले?

तेव्हाची फिल्म नायट्रेटची असे. ती चटकन पेट घेते आणि नीट न ठेवल्यास आपोआप खराब होते. अनेक जुनी रिळं त्यांतल्या चांदीसाठी विकली गेली. 2003 मध्ये पुण्यातल्या आगीत ‘प्रभात’च्या चित्रपटांच्या मूळ प्रतीही जळाल्या.

उपाय आहे का?

आफ्रिकेतल्या चित्रपटांवरही हीच वेळ आली आहे. तिथले 50 चित्रपट शोधून दुरुस्त करण्याचा प्रकल्प मार्टिन स्कोर्सेसी यांची ‘फिल्म फाउंडेशन’, युनेस्को आणि आफ्रिकी चित्रपटकर्त्यांचा महासंघ यांनी 2017 मध्ये जाहीर केला. म्हणजे चित्रपट बनवणाऱ्यांची संघटनाच त्यात भागीदार आहे.

कोल्हापूरकरांनाही हे जमण्यासारखं आहे. घराघरांत पडून असलेली रिळं, छायाचित्रं, पोस्टर यांची नोंद आधी व्हायला हवी. स्टुडिओची भिंत पुन्हा बांधता येते. हरवलेलं रीळ परत चित्रित करता येत नाही.