दहा महिन्यांचा मेहमान

मुलाला वर्षभर नॉर्वेतल्या एखाद्या घरी ठेवून तिथल्या शाळेत शिकवायचं म्हटलं की पिंपळगाव राजात पहिला प्रश्न हलालचा येतो, खर्चाचा नंतर. प्रश्न रास्त आहे. पण तिथं मासळी मुबलक, आणि मासळीला जबीहा लागत नाही. अडचण खरी सूर्याची. उत्तरेत ट्रोम्सोला तो उन्हाळ्यात दोन महिने मावळतच नाही, मग मगरिब कधी? तिथले मुसलमान मक्केच्या नाहीतर दुसऱ्या शहराच्या वेळा धरतात. वाट निघते.

माझं मन अडतं ते दुसरीकडे. एएफएससारख्या संस्थांमार्फत परदेशी मुलं ठेवून घेणारी कुटुंबं त्याचे पैसे घेत नाहीत. अनोळखी धर्माचं सोळा-सतरा वर्षांचं पोर दहा महिने घरचं म्हणून सांभाळतात. अमेरिकेनं २००२ साली मोठी मुस्लिम वस्ती असलेल्या देशांतल्या मुलांसाठी ‘यस’ शिष्यवृत्ती काढली. तिच्यातून भारतातली मुलंही अशीच घरोघरी राहून आली.

उद्या तिकडची एखादी मुलगी आपल्या गावात यायची म्हणाली तर? मेहमानाचा तीन दिवसांचा हक्क आपल्याला पाठ आहे. दहा महिने कोण ठेवेल?

घरी विचारून पाहिलं. अम्मी म्हणाली, "येऊ दे की. पण आधी संडासाचं दार बसवून घे."