इंजिन बदललं की गाडी चोरीची होते का?

लातूर-नांदेड पट्ट्यात जुनी गाडी कुणी सहजासहजी भंगारात घालत नाही. एमएच २४ असो की एमएच २६, वीस-पंचवीस वर्षांची जीप, जिप्सी, मारुती अजून शेतावर जाते, सोयाबीनची पोती आडतीवर आणते, लग्नाला जाते, माळेगावच्या यात्रेलाही जाते. इंजिन धूर टाकायला लागलं, ऑइल खायला लागलं, बालाघाटच्या चढावर दुसऱ्या गिअरलाही दम टाकायला लागलं की मालक मिस्त्रीकडं जातो. मिस्त्री हात पुसत एकच प्रश्न विचारतो, "आहे तेच बांधायचं, का दुसरं टाकायचं?"

आज लिहायचंय ते या प्रश्नावर. कारण याचं उत्तर देताना आपला माणूस फक्त खर्चाचा हिशेब करतो. कायद्याचा हिशेब त्याला कुणी सांगत नाही, आणि तो कळतो तेव्हा उशीर झालेला असतो.

आधी "बांधणं" म्हणजे काय ते बघू. इंजिन खाली उतरतं, ब्लॉक लेथवाल्याकडं जातो. सिलिंडर झिजले असतील तर बोअर मारतात किंवा लाइनर बसवतात. क्रँक ग्राइंड होतो, बेअरिंगं, पिस्टन, रिंगा नव्या येतात, हेड प्लेन करून व्हॉल्व्ह बसवले जातात. डिझेल असेल तर पंप आणि नोझल वेगळे जातात. सगळं नीट झालं तर गाडी पुन्हा कित्येक वर्षं चालते. इंजिन नंबर तोच, आरसी बुक तेच. कुणाचीच हरकत नाही.

आता एक गंमत बघा. जुन्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. बोअर मारून १ मिलिमीटर मोठे पिस्टन टाकले की तेच इंजिन ११२१ सीसीच्या वर जातं. म्हणजे ओव्हरसाइज पिस्टन टाकून बांधलेलं प्रत्येक इंजिन कागदावरच्यापेक्षा थोडं मोठं झालेलंच असतं. यावर आजवर कुणाला दंड झाल्याचं मी ऐकलेलं नाही, आणि होऊही नये. ती दुरुस्ती आहे.

प्रश्न सुरू होतो तो "दुसरं टाकायचं" म्हटलं की.

आपल्याकडं सगळ्यात जास्त चर्चा असते ती जिप्सीची. १९८५ ला आली तेव्हा तिला ९७० सीसीचं इंजिन होतं. डोंगर चढायला पुरायचं, पण हायवेला जीव जायचा. १९९६ ला कंपनीनंच त्याच गाडीत १२९८ सीसीचं इंजिन टाकलं आणि नाव दिलं जिप्सी किंग. मग जुन्या जिप्सीवाल्यांनी काय केलं? अपघातात गेलेल्या एस्टीमचं १३०० चं इंजिन शोधलं आणि आपल्या गाडीत बसवलं. एकाच घराण्यातलं इंजिन असल्यामुळं मिस्त्रीला फार मारामारी करावी लागत नाही.

अँबॅसिडरचंही तेच. जुनं इंजिन १४८९ सीसीचं. १९९० च्या दशकात कंपनीनं त्याच सांगाड्यात इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन टाकलं. काँटेसा १९८४ ला आली तीसुद्धा त्याच जुन्या १४८९ वर, आणि पुढं तिलाही इसुझूचं १८०० मिळालं. आपल्या खेड्यापाड्यात ज्या जीप फिरल्या, त्यांचा जन्मच पेट्रोल इंजिनावरचा. पुढं कंपनीनंच त्या बॉडीत डिझेल बसवलं. म्हणजे जुन्या गाडीत मोठं इंजिन ही काही गॅरेजातल्या टवाळ पोरांची कल्पना नाही. आपल्या देशातल्या मोटार कंपन्यांनी हेच काम आयुष्यभर केलंय. फरक इतकाच, की कंपनीनं चाचणी करून, कागद करून केलं आणि मिस्त्रीनं झाडाखाली केलं.

हा फरक छोटा नाही, त्याच्याकडं पुढं येतोच. आधी कायदा.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. सोप्या भाषेत सांगायचं तर कंपनीनं गाडीची जी मूळ माहिती दिली आणि जी आरसीवर आहे, तिच्याशी विसंगत होईल असा बदल मालकानं करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हे कलम कडकपणे वाचलं आणि कंपनीच्या मूळ मापात फेरफार चालणार नाही असं सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. आता परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागं मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. लक्षात घ्या, शिक्षा मालकाला आहे. "मिस्त्री म्हणला चालतंय" हे उत्तर तिथं चालत नाही.

बरं, मोठं इंजिन सोडा. तेच, त्याच कंपनीचं, त्याच जातीचं इंजिन टाकायचं असेल तरी एकट्या मालकाला आरटीओकडं जाऊन मंजुरी आणि नोंद करावी लागते. पण याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात काय आहे? ज्याच्याकडं किमान १० वाहतूक वाहनं आहेत, त्याला राज्य सरकार अधिसूचना काढून आधी मंजुरी न घेता तसंच इंजिन बदलायची मुभा देऊ शकतं. त्यानं फक्त बदलल्यावर १४ दिवसांत कळवायचं. म्हणजे दहा ट्रकवाल्या शेठसाठी कायद्यात एक खिडकी ठेवलीय. अहमदपूरच्या एका जीपवाल्यानं मात्र दारातूनच यायचं, आणि दारात एजंट उभा.

हौशी श्रीमंतांसाठीही वाट आहे. पन्नास वर्षांवरच्या मूळ रूपातल्या गाड्यांसाठी २०२१ ला विंटेजचे वेगळे नियम आले, वेगळी नंबरप्लेट आली, नोंदणीचे २०,००० रुपये ठरले. चांगली गोष्ट आहे, वारसा जपलाच पाहिजे. पण ती गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. आपल्या भागातली जुनी गाडी तर रोजच्या कामालाच आहे!

आणि सगळ्यात मोठी विसंगती. हाच कायदा सांगतो की जुन्या गाडीत मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवा, चालेल. पूर्ण पेट्रोल इंजिन काढून त्या जागी बॅटरी आणि मोटार बसवा, किट मान्यताप्राप्त असेल तर तेही चालेल. पुण्यातल्या एआरएआयसारख्या संस्था या किटांची चाचणी करतात. म्हणजे जुन्या सांगाड्यात नवी शक्ती बसवून ती सुरक्षित आहे का हे तपासायची पद्धत आपल्याकडं आहे, संस्था आहेत, माणसं आहेत. मग ९७० च्या जागी त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलमध्ये कंपनीनंच पुढं वापरलेलं १२९८ टाकायला पद्धत का नसावी? कार्बोरेटरच्या दमलेल्या इंजिनापेक्षा नंतरचं नीट बसवलेलं इंजिन धूरही कमीच सोडतं.

आता दुसरी बाजू. ती लिहिली नाही तर ही पोस्ट अर्धवट राहील.

मोठं इंजिन टाकणाऱ्या दहातल्या किती जणांनी ब्रेक बदलले? खरं सांगा. जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक. ती गाडी साठच्या वेगासाठी बनलेली. तुम्ही इंजिन टाकलं आणि ती नव्वदनं पळायला लागली. वेग दीडपट झाला, पण ती थांबवायला लागणारी शक्ती सव्वादोनपट झाली, कारण वेगाचा वर्ग होतो. ब्रेक मात्र तेच, स्टिअरिंगचा तो चार बोटांचा प्ले तोच, टायर तेच. वर जड इंजिनानं पुढचे पाटे बसतात, रेडिएटर पुरत नाही, क्लच घसरतो, प्रोपेलर शाफ्टवर ताण येतो. नांदेड-लातूर रस्ता आता रुंद आणि गुळगुळीत झालाय, पण लोह्याजवळ मधेच बैलगाडी आली, शाळेची लेकरं आली, तर थांबायचं कशानं? इंजिनानं गाडी पळते, थांबवायचं काम ब्रेकलाच करावं लागतं.

दुसरी भीती विम्याची. अपघात झाला, सर्व्हेअरनं इंजिन नंबर बघितला आणि तो आरसीशी जुळला नाही, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानभरपाईवर पाणी सोडायची तयारी ठेवा. समोरच्याचा जीव गेला असेल तर भरपाईचा बोजा तुमच्या वावरापर्यंत येऊ शकतो.

तिसरी गोष्ट चोरीची. इंजिन नंबरची एवढी कटकट सरकार उगाच करत नाही. चोरीच्या गाड्या रातोरात सुट्या होतात आणि त्यांची इंजिनं बिनबिलाची विकली जातात. बिल नसलेलं इंजिन स्वस्त मिळतंय म्हणून घेणारा माणूस कुणाच्या तरी घरासमोरून गेलेल्या गाडीचा गिऱ्हाईक असू शकतो. नाक्यावर पोलिसानं बॉनेट उघडायला लावलं की "साहेब, मला माहीत नव्हतं" हे ऐकून घेणारं कुणी नसतं.

म्हणजे नियम हवाच. माझं म्हणणं एवढंच, की नियमाला दार हवं. नुसती भिंत उभी केली की लोक भिंतीखालून जातात, आणि खालून गेलेल्या गाडीचे ब्रेक कुणीच तपासत नाही. आज नेमकं तेच होतंय. इंजिन बदललेल्या गाड्या रस्त्यावर आहेतच. आरसीवर जुना नंबर, बॉनेटखाली दुसरा. गाडी कागदावर शुद्ध आणि रस्त्यावर राम भरोसे.

बाहेरच्या देशांत काय करतात? ब्रिटनमध्ये इंजिन बदललं तर परिवहन खात्याला पुराव्यासह कळवायचं, कागदावर नवा नंबर आणि नवे सीसी चढतात. गाडीत फारच फेरफार झाले तर ती जुनीच गाडी मानायची का, हे ठरवायला बरीच वर्षं गुण होते. चासीचे ५ गुण, इंजिनाचा फक्त १. का? तर इंजिन ही बदलणारी वस्तू आहे हे त्यांनी मान्य केलंय. जर्मनीत तपासणी संस्थेचा अभियंता ती एकच गाडी तपासतो, ब्रेक बघतो आणि मग कागदावर नोंद होते. कडक आहे, पण वाट आहे.

आपल्याकडं काय करता येईल? माझ्या मते चार गोष्टी.

एक. त्याच जातीचं इंजिन बदलायला दहा गाड्यांच्या मालकाला जी सवलत मिळू शकते, ती एका गाडीच्या मालकालाही द्या. बिल, जुना नंबर, नवा नंबर, १४ दिवसांत नोंद, विषय संपला.

दोन. कंपनीनं स्वतः एकाच मॉडेलमध्ये जी इंजिनं वापरली, त्यांची यादी केंद्र सरकारनं जाहीर करावी. कलम ५२ मध्ये विशेष कारणासाठी सूट द्यायचा अधिकार केंद्राला आहेच. यादीतलं मोठं इंजिन चालेल, पण त्या मॉडेलचे ब्रेक आणि क्लचही त्याच्यासोबत बसवल्याशिवाय पासिंग नाही.

तीन. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातून निघालेलं चांगलं इंजिन नंबरच्या पावतीसह विकायची सोय करा. चोर बाजाराला यापेक्षा मोठा दणका दुसरा नाही.

चार. मिस्त्री. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक आणि डिझेल मेकॅनिकचे वर्ग चालतात. पण ज्याच्याकडं ही पोरं नंतर काम शिकायला जातात, तो तीस वर्षं इंजिनं बांधणारा उस्ताद कागदावर अडाणीच. त्याची परीक्षा घ्या, प्रमाणपत्र द्या आणि त्यानं केलेल्या कामावर त्याची सही बंधनकारक करा. सही करायची म्हटलं की माणूस नटबोल्ट दोनदा तपासतो.

कुणी म्हणेल, एवढं कशाला, जुनी गाडी काढा आणि नवी घ्या. सरकारचाही कल तोच दिसतोय. पंधरा वर्षांवरच्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या हलक्या वाहनांसाठी ते १०,००० केलं. ज्याच्याकडं पगार आहे त्यानं जरूर नवी घ्यावी. पण ज्याचं उत्पन्न पावसावर आणि सोयाबीनच्या भावावर आहे, तो हप्त्याच्या गाडीत बसला की एका खराब हंगामात गाडीही जाते आणि भरलेले पैसेही. त्याच्यासाठी नीट बांधलेली जुनी गाडी ही हौस नसते, तो संसाराचा भाग असतो. एवढं शुल्क घेता, तर बदल्यात त्या गाडीची खरी तपासणी तरी करा.

आणि हे सगळं होईपर्यंत आपल्या लोकांना एवढंच सांगणं. शक्यतो आहे तेच इंजिन चांगल्या हातानं बांधून घ्या. तसंच दुसरं टाकायचं असेल तर पक्कं बिल घ्या, आधी आरटीओत विचारा आणि नंबर आरसीवर चढवून घ्या. विमा कंपनीला लेखी कळवा. मोठ्या इंजिनाच्या नादाला लागण्याआधी ब्रेक, टायर आणि स्टिअरिंगवर पैसे घाला. जुनी गाडी विकत घेताना आरसीवरचा इंजिन नंबर आणि ब्लॉकवर कोरलेला नंबर स्वतःच्या डोळ्यानं ताडून बघा. टॉर्च मारा, काजळी पुसा, पण बघाच.

तुमच्या ओळखीत कुणी इंजिन बदलून रीतसर नोंद करून घेतली असेल तर त्याला कागद कोणते लागले आणि किती चकरा झाल्या, ते खाली लिहा. दुसऱ्यांना उपयोग होईल. आणि आपल्या आमदार-खासदारांच्या पेजवर कुणी हा विषय टाकत असेल तर माझं नाव नाही टाकलं तरी चालेल, मुद्दे तेवढे चारही टाका.