ओळख ना देख, तरी या घरी!

१९६२ सालची गोष्ट. दोन तरुण भारत-पाकिस्तानच्या सीमेवर उभे होते. सतीशकुमार आणि ई. पी. मेनन. दोघं पायी निघाले होते, आणि जायचं कुठं? तर मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टन! अणुबॉम्ब बाळगणाऱ्या देशांच्या राजधान्यांत जाऊन 'हे थांबवा' असं सांगायचं होतं. खिशात छदाम नव्हता. निरोप द्यायला आलेल्या एका स्नेह्यानं वाटेसाठी खाण्याची पुडकी बांधून आणली होती. पाकिस्तानात कोण विचारणार, ही त्याची काळजी. सतीशकुमारांनी ती पुडकी घेतली नाहीत. त्यांच्या लेखी त्यात अन्न नव्हतं, अविश्वास होता. पाकिस्तानी माणसाच्या दारात जाताना स्वतःची शिदोरी घेऊन जायचं, म्हणजे 'तू मला जेवायला घालणार नाहीस हे मी धरूनच चाललोय' असं सांगण्यासारखं. दोघं रिकाम्या हातानं पलीकडे गेले, तर तिथं एकजण त्यांना घरी न्यायला थांबलेला! वर्तमानपत्रात त्यांच्याबद्दल वाचून आला होता.

पैसे न बाळगण्याची ही अट विनोबांची. रायगडमधल्या गागोद्याच्या या माणसानं दोघांना दिलेला सल्ला व्यवहारी माणसाला वेडेपणाचा वाटेल, पण त्यामागचा हिशेब पक्का होता. खिशात पैसे असले की दमलेला माणूस खानावळीत जेवतो, धर्मशाळेत झोपतो आणि सकाळी पुढं निघतो. गावात कुणाशी बोलायचं कारणच पडत नाही. पैसे नसले की कुणाचं तरी दार ठोठवावंच लागतं. दार उघडलं की 'कुठून आलात, कशासाठी?' हा प्रश्न येतो, आणि तिथून बोलणं सुरू होतं. सुमारे आठ हजार मैलांचा तो प्रवास असाच, लोकांच्या घरी जेवत-झोपत पार पडला.

आता आपल्याकडच्या फॉरेन टूरकडे बघा. पंधरा दिवसांत सात-आठ देश, बसमध्ये अंताक्षरी, रात्री वरण-भात, सोबत आपलीच माणसं. यात वाईट काहीच नाही. वयस्क मंडळींना तर तेच सोयीचं. पण परत आल्यावर एखाद्या नातवानं विचारलं, 'आजी, तिकडच्या कुणाशी बोललीस का गं?' तर आजीला आठवतो तो हॉटेलातला वेटर आणि फार तर बसचा ड्रायव्हर.

परक्या देशात तिथल्या माणसाच्या घरी राहायचं, त्याच्याच टेबलावर जेवायचं आणि त्याचे पैसे द्यायचे नाहीत, यासाठी काही रीतसर व्यवस्था आहेत. त्या कालपरवाच्या नाहीत. सगळ्यांत जुन्या व्यवस्थांपैकी एक म्हणजे 'सर्वास'. दुसरं महायुद्ध संपून चार वर्षं झाली होती. युरोपातल्या माणसांच्या मनात शेजारच्या देशाविषयी संशय भरलेला होता. १९४९ साली डेन्मार्कमध्ये बॉब लुइटवायलर या युद्धविरोधी अमेरिकन तरुणानं काही मित्रांसोबत हे काम सुरू केलं. एकमेकांच्या घरी राहून आलेली माणसं एकमेकांवर सहजासहजी बंदूक रोखणार नाहीत, अशी साधी कल्पना. १९५२ मध्ये 'सर्वास' हे नाव ठरलं. नाव ऐकून 'सेवा' आठवली तर अर्थ चुकलेला नाही, पण शब्द संस्कृत नव्हे. तो एस्पेरांतो या बनवलेल्या जागतिक भाषेतला आहे आणि त्याचा अर्थ 'सेवा करतो' असाच होतो. आज शंभरावर देशांत या संस्थेचे सदस्य आहेत, भारतातही आहेत.

तिची पद्धत समजून घेण्यासारखी आहे, कारण सगळी गोम त्या पद्धतीतच आहे. प्रवासाला निघणाऱ्यानं आधी आपल्याच शहरातल्या किंवा देशातल्या एका सदस्याला भेटायचं. तो मुलाखत घेतो. नोकरीची असते तशी नव्हे. चहा घेत गप्पा होतात... कशासाठी निघालात? यजमानाचं घर, जेवण, विचार आपल्यापेक्षा अगदी वेगळे निघाले तर काय कराल? फुकटात राहायला मिळतं म्हणून आलेला माणूस या गप्पांत बहुधा उघडा पडतोच. समाधान झालं तरच परिचयपत्र मिळतं. त्यावर प्रवाशानं स्वतःबद्दल लिहिलेलं असतं : घरी कोण कोण, काम काय, कोणत्या भाषा येतात, आवडी काय. ते पत्र दाखवून यजमानांशी संपर्क साधायचा. पूर्वी यजमानांच्या छापील याद्या अनामत रक्कम भरून मिळत आणि परत द्याव्या लागत. आता हे काम संगणकावर होतं, पण मुलाखत आणि पत्र कायम आहे.

आपल्या आजोबांच्या पिढीला यात नवल वाटलं नसतं. कोकणातून किंवा घाटावरून मुंबईला निघालेल्या मुलाच्या हातात गावातले मास्तर किंवा भटजी चिठ्ठी देत. 'पत्र घेऊन येणारा मुलगा आपल्यातला आहे, चार दिवस सोय करावी.' गिरगावातल्या खोलीत आधीच आठजण असत. चिठ्ठी वाचली की नववी वळकटी पसरली जाई. तो मुलगा परका होताच, पण चिठ्ठी लिहिणाऱ्याला दोन्हीकडची माणसं ओळखत होती. मुलानं वावगं केलं तर मास्तरांची मान खाली जाणार, हे त्यालाही ठाऊक असे. 'सर्वास'चं पत्र ही तीच चिठ्ठी, फक्त देशांच्या सीमा ओलांडून गेलेली.

मुक्काम साधारण दोन रात्रींचा. यजमानानं आपणहून आग्रह केला तर पुढं. अमुकच खोली हवी अशी मागणी करायची नाही. काहींकडे वेगळी खोली असते, काहींकडे बैठकीच्या खोलीत गादी. पैशांची देवाणघेवाण नाही, पण संध्याकाळ यजमानांबरोबर घालवायची, ही अपेक्षा पक्की. दिवसभर शहर पाहून रात्री अकराला येऊन झोपणारा पाहुणा कुणालाच नको असतो. ती वेळ घराची आहे.

आणि त्या संध्याकाळीच सगळी गंमत असते. हॉलंडमध्ये संध्याकाळी सहाच्या सुमारास जेवण टेबलावर येतं. आपल्याकडे तेव्हा दुपारचा चहा उतरायचा असतो! तिथं 'नऊ वाजता जेवू' म्हणणाऱ्या पाहुण्यामुळे घराचं वेळापत्रक कोलमडतं. जर्मनीत सातला येतो म्हटलं की सातलाच पोचावं. जपानी घरात चपला दारातच काढायच्या हे आपल्याला शिकवावं लागत नाही, पण संडासात जाताना तिथल्या वेगळ्या सपाता घालायच्या आणि बाहेर येताना त्या तिथंच सोडायच्या, हे भलेभले विसरतात. शाकाहारी माणसानं आधीच कळवावं आणि नेमकं कळवावं. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलं तर युरोपात काही घरांत अजूनही मासा पुढं येतो. ताटात आल्यावर तोंड वाकडं करण्यापेक्षा पत्रातच 'मांस, मासे, अंडी चालत नाहीत' असं लिहिलेलं बरं. त्याहून सुंदर तोड म्हणजे एक वेळचा स्वयंपाक आपणच करायचा. पोह्यांची पिशवी आणि हळद-मोहरीची पुडी बॅगेत फार जागा घेत नाही. जेवणानंतर भांडी घासायला उठावं. यजमान नको म्हणेल, तरी उठावं. आपल्याकडे पाहुण्याला भांड्यांना हात लावू देत नाहीत, तिकडे हात लावणारा पाहुणा घरातला वाटतो.

'सर्वास'सारखे आणखीही रस्ते आहेत. १९७४ मध्ये एस्पेरांतो बोलणाऱ्यांची यजमान-यादी निघाली. तिची अट एकच, ती भाषा यायला हवी. १९७७ मध्ये अमेरिकेत 'फ्रेंडशिप फोर्स' सुरू झाली. त्यात एका शहरातला गट दुसऱ्या शहरातल्या कुटुंबांकडे जाऊन राहतो. एकट्यानं निघायला धजत नसलेल्या निवृत्त जोडप्यांना हा मार्ग जास्त पटावा. १९८४ साली ब्रिटनमध्ये फ्रान्सिस अलेक्झांडर यांनी फक्त बायकांनी बायकांकडे उतरायची व्यवस्था उभी केली. सायकलवर जग पाहणाऱ्यांसाठी १९९३ पासून वेगळी यादी आहे. तिचं नाव 'वॉर्म शॉवर्स', म्हणजे गरम पाण्याची आंघोळ. दिवसभर पॅडल मारलेल्याला आणखी काय हवं?

पॅरिसमध्ये जिम हेन्स नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी तर राहण्याची भानगडच ठेवली नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून ते दर रविवारी संध्याकाळी आपल्या घरी पंगत घालत. कुणीही फोन करावा, नाव सांगावं, यावं. पाकिटात खर्चापुरती रक्कम द्यावी, आणि जागा मिळेल तिथं ताटली घेऊन उभं राहावं. हेन्स उंच स्टुलावर बसून आलेल्यांची नावं घेत आणि परक्यांची परक्यांशी गाठ घालून देत. २०२१ च्या जानेवारीत ते गेले. गावकऱ्याला आणि परदेशी पाहुण्याला एकत्र आणायला नेहमी बिछानाच लागतो असं नाही, हे त्यांनी चाळीसेक वर्षं दाखवलं.

मग आला इंटरनेटचा काळ. १९९९ मध्ये केसी फेंटन या अमेरिकन तरुणाला आइसलँडचं स्वस्त तिकीट मिळालं. राहायची सोय नव्हती. त्यानं तिथल्या विद्यापीठातल्या दीड हजार विद्यार्थ्यांना ई-मेल पाठवली, आणि पन्नासावर जणांनी 'आमच्याकडे ये' म्हणून कळवलं! त्यातून २००४ मध्ये 'काउचसर्फिंग' सुरू झालं. लाखो तरुण त्यात आले. इथं मुलाखत नव्हती, चिठ्ठी लिहिणारे मास्तर नव्हते. त्यांच्या जागी आधी राहून गेलेल्या पाहुण्यांचे अभिप्राय आले. २००६ मध्ये सगळी माहिती पुसली गेली, तेव्हा जगभरातल्या स्वयंसेवकांनी फुकट राबून ते पुन्हा उभं केलं. आणि २०११ मध्ये त्याची नफा कमावणारी कंपनी झाली. मे २०२० मध्ये, करोनाच्या दिवसांत, सदस्यांना फी भरल्याशिवाय आत येता येईना. वर्षानुवर्षं स्वतःच्या घरात परक्यांना झोपवणाऱ्या यजमानांना आता आपलेच जुने अभिप्राय वाचायलाही पैसे मोजावे लागले. कंपनीला खर्च होता, हे खरं. पण ज्यांच्या उशा-पांघरुणांवर ही कंपनी उभी होती, त्यांना हे लागलं यात नवल ते काय! बरेचजण 'बीवेलकम'कडे वळले. २००७ पासून चालणारी ही व्यवस्था स्वयंसेवकांची आहे आणि विनामूल्य आहे.

पण फीपेक्षा मोठा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो प्रत्येक आईच्या मनात पहिल्या ओळीपासून असणार. लेक एकटी निघाली, तर?

भीती पोकळ नाही. इटलीतल्या पादुआ शहरात एका पोलिसानं याच मार्गानं आलेल्या पाहुण्या मुलींना गुंगीचं औषध दिल्याचं उघड झालं, आणि २०१५ मध्ये एका अल्पवयीन ऑस्ट्रेलियन मुलीवरच्या बलात्काराबद्दल त्याला शिक्षा झाली. ती मुलगी एकटी नव्हती, आई आणि बहीण सोबत होत्या. यजमान पोलिसातला होता. म्हणजे 'सोबत कुणीतरी असू दे' आणि 'माणूस सरकारी नोकरीतला आहे' या आपल्या दोन्ही भरवशाच्या गोष्टी तिथं कामाला आल्या नाहीत.

त्यामुळे चिठ्ठी आणि अभिप्राय यांतला फरक ओळखायला हवा. चांगले अभिप्राय भाराभर असतात, कारण घरी ठेवून घेतलेल्या माणसाबद्दल वाईट लिहायला सगळ्यांनाच संकोच वाटतो. आपणही लग्नातल्या जेवणाला कधी वाईट म्हणतो का? म्हणून स्तुती भराभर वाचावी आणि थंडपणे लिहिलेली एखादी ओळ सावकाश. फक्त तरुण मुलींनाच उतरवून घेणाऱ्या एकट्या पुरुषाकडे, त्याचे अभिप्राय कितीही गोड असले तरी, जाऊ नये. कुटुंब किंवा एकटी राहणारी बाई पाहावी. पहिली भेट दिवसा, चहाच्या दुकानात. पत्ता आणि फोन घरी कळवलेला असावा. परक्या घरी, ओळख होण्याआधी, दारू नको. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे एका रात्रीच्या हॉटेलचे पैसे वेगळे काढून ठेवावेत. विनोबांचा सल्ला थोर खरा, पण तो दोघा पुरुषांना होता. दारातून आत पाऊल टाकल्यावर मन कचरलं तर 'सॉरी, बेत बदलला' म्हणून उलट फिरण्याची सोय मुलीच्या पर्समध्ये हवीच. यजमानाला वाईट वाटेल, ही चिंता तिनं करू नये.

भारतीय पासपोर्टवाल्याला आणखी एक अडचण. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी राहण्याच्या सोयीचा पुरावा लागतो. 'एका ओळखीच्या घरी' एवढ्यानं भागत नाही. फ्रान्समध्ये तर खाजगी घरी उतरायचं असेल तर यजमानाला नगरपालिकेतून त्यासाठीचा दाखला काढून पाठवावा लागतो. कधी न भेटलेल्या माणसासाठी कोण एवढी धावपळ करणार? म्हणून बहुतेक आपली मंडळी काही रात्री हॉटेलात आणि काही घरांत, असा बेत आखतात. व्हिसाच्या अर्जात मात्र जे खरं आहे तेच लिहावं.

उलट बाजूही आहे. पाहुणे म्हणून जायचं तर कधीतरी यजमानही व्हावं लागतं. आपल्याकडे परदेशी पाहुणा घरी झोपणार असेल, तर त्याची माहिती परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते. हा नियम हॉटेलांइतकाच घरांनाही आहे, हे पुष्कळांना माहीतच नसतं. शिवाय सोसायटीच्या सेक्रेटरींच्या भुवया, सासूबाईंचं सोवळं, मुलांची दहावी... दोन खोल्यांच्या घरात पाहुण्याला झोपवायचं कुठं? 'सर्वास'मध्ये यालाही वाट ठेवलेली आहे. ज्यांच्याकडे जागा नाही त्यांनी 'दिवसाचे यजमान' म्हणून नाव नोंदवायचं. पाहुण्याला घरी बोलावून चहा-कांदेपोहे द्यायचे, नाहीतर संध्याकाळी मंडई दाखवून आणायची. रात्री तो आपल्या मुक्कामी जातो.