औषध रक्तात पोहोचवाल, भिवंडीत कधी?

गांज्याच्या झाडातल्या कॅनाबिडिऑलने फिट थांबते, असे व्हिडिओ सध्या आपल्या वस्त्यांमध्ये फिरताहेत. त्यातलं खरं ते आधी मान्य करू. कॅनाबिडिऑलने नशा चढत नाही, ती टीएचसीने चढते. २०१८ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ड्रावे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या बालवयातल्या दोन चिवट आजारांसाठी शुद्ध कॅनाबिडिऑलला मान्यता दिली. तेव्हा पंचशील पुढे करून 'हे आपल्यात चालत नाही' म्हणणाऱ्या आपल्याच मंडळींशी आम्ही सहमत नाही. पाचवं शील नशेविरुद्ध आहे, औषधाविरुद्ध नाही.

पण हा पदार्थ पाण्यात विरघळत नाही. उपाशीपोटी घेतला तर जेमतेम सहा टक्के रक्तात उतरतो. स्निग्ध जेवणासोबत त्याच्या चार-पाच पट. म्हणून मूळ औषध तिळाच्या तेलात दिलं जातं, आणि तो आणखी चांगला शोषला जावा म्हणून अतिसूक्ष्म थेंबांवर संशोधन चालू आहे. चाचण्यांतली मात्रा किलोमागे रोज १० ते २० मिलिग्रॅम, म्हणजे वीस किलोच्या पोराला कमीत कमी २०० मिलिग्रॅम. 'विजया' तेलाची बाटली विकणाऱ्यांनी हा हिशेब आईबापांना करून दाखवावा. आणि चाचण्यांत हे औषध चालू गोळ्यांच्या जोडीला दिलं होतं, त्यांच्याऐवजी नव्हे. दोन थेंब जिभेखाली टाकून डॉक्टरची गोळी बंद करायला लावणारा आणि चप्पल हुंगवणारा भगत, यांच्यात फरक काय?

खरा प्रश्न वेगळाच आहे. फेनोबार्बिटल १९१२ पासून वापरात आहे, स्वस्त आहे. तरी आमच्या लूमवरच्या माणसाला ते सलग मिळत नाही. बारा तासांची पाळी, त्यात रात्रपाळी. झोपमोड हे फिट येण्याचं ओळखीचं कारण. चालत्या मागावर फिट आली तर हात जातो. शेठला कळलं तर काम जातं, म्हणून तो आजार लपवतो. गोळी संपली की एका पट्टीसाठी दिवसाची मजुरी बुडवून रांग. अचानक गोळी तुटली तर फिटमागून फिट येऊन जीवही जाऊ शकतो. मुलींचं तर विचारूच नका: १९९९ साली विवाह कायद्यातून अपस्माराची अट गेली, पण सासरी गोळी अजून पदराआडच घेतली जाते.

थेंब किती बारीक करायचा हे शास्त्रज्ञ बघतील. आमची मागणी साधी आहे. उपजिल्हा रुग्णालयात आणि महापालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात फिटच्या गोळ्या एकावेळी तीन महिन्यांच्या द्या, आणि त्या पाळी सुटल्यावर, संध्याकाळी मिळू द्या.