तिला विचारलं का?

म्हणीतले ‘चार दिवस सासूचे’ छोट्या पडद्यावर अकरा वर्षं चालले. 2001मध्ये ई टीव्ही मराठीवर सुरू झालेली ही मालिका 2013मध्ये थांबली, तेव्हा तिचे भाग तीन हजारांच्या पुढे गेले होते. म्हणीचा उत्तरार्ध सुनेचा आहे. तिचे चार दिवस कोणत्या वाहिनीवर लागले, हे मात्र कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

पडद्यावरच्या बाईबद्दल बोलायचं म्हटलं की गाडी तिच्या कपड्यांवर येते, नाहीतर तिच्या रडण्यावर. ती नऊवारीत आहे की जीन्समध्ये, सोशिक आहे की बंडखोर, यावर चर्चासत्रंही झडतात. त्यापेक्षा कांदेपोह्यांच्या बैठकीत घरातली एखादी शहाणी आत्या विचारते तो प्रश्न अधिक कामाचा: मुलीला विचारलं का? प्रेमकथेत नायिका असते, गाणी तिच्यावर असतात, मारामाऱ्या तिच्यासाठी होतात. पण कथा वळते ती तिच्या निर्णयाने का?

या प्रश्नाचं सर्वांत धारदार मराठी उत्तर 1937चं आहे. व्ही. शांताराम यांचा ‘कुंकू’ प्रभातने काढला तो ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून. मामाने फसवून म्हाताऱ्या विधुराच्या गळ्यात बांधलेली नीरा लग्न झालं म्हणून गप्प बसत नाही. नवऱ्याला नवरा मानायलाच नकार देते. शांता आपट्यांची नीरा रडते कमी आणि प्रश्न जास्त विचारते. केशवराव दात्यांच्या काकासाहेबांना हळूहळू आपला अन्याय कळत जातो. त्यांना खलनायक करणं सोपं होतं. शांतारामांनी तो मोह टाळला. तरीही शेवटी नीरा मोकळी होते ती काकासाहेब स्वतःचं आयुष्य संपवतात म्हणून. नकार तिचा, पण सुटका त्यांच्या हातची. 1937च्या पडद्याची झेप तेवढी होती आणि ती लहान नव्हती.

पडद्याबाहेर शांता आपटे आणखी पुढे गेल्या. 1939मध्ये करारावरून वाद झाला, तेव्हा त्यांनी थेट प्रभातच्या फाटकाशी उपोषण मांडलं. पुढे ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून या धंद्याची आतली बाजू मुलींपुढे ठेवली.

त्याच शांतारामांचा ‘पिंजरा’ 1972चा. इथे प्रेमाचा हिशेब उलटा मांडलेला आहे. गुरुजींचं अधःपतन हा कथेचा गाभा आणि नाचणारी बाई हे त्याचं निमित्त. तमाशापटांनी बाईला फडावर सवाल टाकण्याची धार दिली. फड सुटल्यावर तिच्या आयुष्याचे जबाब मात्र बहुधा दुसऱ्यांनी दिले.

म्हणूनच 1977च्या ‘जैत रे जैत’मधली चिंधी आजही ताजी वाटते. नवरा सोडून ती नाग्याला निवडते आणि तसं उघड सांगते. ठाकरवाडीत त्याचा बाऊ होत नाही. तो पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यांत व्हायचा. जब्बार पटेल आणि स्मिता पाटील यांनी पाच वर्षांनी त्याच दिवाणखान्यात ‘उंबरठा’ आणला. सुलभा महाजन स्त्रियांच्या सुधारगृहात नोकरी धरते. ती परतते तोवर वकील नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. तेंडुलकरांच्या पटकथेत यावर आरडाओरडा नाही. सुलभा घर सोडते आणि प्रेक्षकांनी तिची बाजू घ्यावी म्हणून चित्रपट एक अश्रूही उसना आणत नाही.

हिंदीत दरम्यान पाठलागालाच प्रेम म्हणण्याची सवय पक्की होत होती. ‘डर’मधला पाठलाग करणारा निदान खलनायक होता, वीस वर्षांनी ‘रांझणा’त तसाच पाठलाग करणारा नायक झाला. ‘नाही’ म्हणजे ‘अजून थोडं मागे लाग’ असा अर्थ पडद्याने लावला, तो कॉलेजच्या कट्ट्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही.

‘सैराट’ने 2016मध्ये नजरेचीच दिशा फिरवली. परश्या अर्चीकडे चोरून बघतो, अर्ची परश्याकडे उघड बघते. बुलेट, ट्रॅक्टर, प्रसंगी पिस्तूल तिच्या हाती. पण नागराज मंजुळे तिला पोस्टरवरची मर्दानी करून सोडून देत नाहीत. हैदराबादला पोचल्यावर झिंग उतरते. अर्ची बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागते आणि तोच हळवा परश्या संशयाने तिच्यावर हात उचलतो. ती निघून जाते, विचार करते, परत येते. जाणंही तिचं, येणंही तिचं. शेवटी जे दोघांना मारतात, त्यांचा राग नेमका या निर्णयावर आहे. 2018मध्ये हिंदीत ‘धडक’ झाला, तेव्हा बराचसा रोख ओसरला. नायिकेला जिवंत ठेवूनही तिचं बळ कमी झालं.

मालिकांची अडचण वेगळी आहे. तिथे निर्णय म्हणजे गोष्टीचा शेवट आणि शेवट म्हणजे धंद्याला कुलूप. म्हणून निर्णय उद्यावर, उद्याचा परवावर. आधी लग्न, मग वर्ष-दीड वर्षाने प्रेम, मधल्या काळात मंगळसूत्रावर कॅमेरा. 1999च्या ‘आभाळमाया’तली प्राध्यापिका सुधा जोशी आठवली की वाटतं, पुढे जाण्याऐवजी आपण वळसा घालून मागेच आलो. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ साडेचार वर्षं चालली. शीर्षकात बायका दोन, पण ओळख दोघींचीही नवऱ्यावरूनच. ‘अग्गंबाई सासूबाई’ने सुनेच्या पुढाकाराने सासूचं लग्न लावून दिलं, हे श्रेय तिचं. ‘आई कुठे काय करते’मध्ये अरुंधतीने घटस्फोट घेतला, पुन्हा लग्न केलं, लाखो घरांत त्यावर वाद झाले. मग मालिकेने तिच्या दुसऱ्या नवऱ्याला अपघातात मारलं आणि ती पुन्हा दुःखाच्या ठरलेल्या खुर्चीत येऊन बसली.

‘झिम्मा’ आणि ‘बाईपण भारी देवा’ या चित्रपटांना बायकांनी घोळक्याने केलेली गर्दी या पार्श्वभूमीवर बघायला हवी. दोन्हींत नायक नावालाच. बायका एकमेकींच्या सोबतीने खुलतात हे छानच. पण पन्नाशीतल्या बाईला मैत्रिणींबरोबर प्रेमही मिळू शकतं, हे दाखवायला मराठी पडदा अजून संकोचतो.

दुसऱ्यांना बोल लावताना दिवाळी अंकांनी स्वतःच्या मुखपृष्ठाकडेही बघावं. 1909मध्ये ‘मनोरंजन’ने ही परंपरा सुरू केली. तेव्हापासून मुखपृष्ठावर हाती दिवा घेऊन उभी राहिलेली देखणी स्त्री आतल्या पानांत काय म्हणते, हे पाहण्याची तसदी अनेक अंकांनी घेतली नाही. खिडकीचित्रांवर पिढ्यान्‌पिढ्या हसल्या; खिडकीतल्या बाईला त्यात विनोद दिसला का, हे कुणी विचारलं नाही. या अंकाच्या मुखपृष्ठावर म्हणूनच यंदा फक्त रांगोळी आहे.

वाचकांना एक विनंती. यंदा फराळाच्या ताटाभोवती घर जमेल आणि मालिका चालू असेल, तेव्हा एक भाग वही-पेन्सिल घेऊन बघा. त्यात किती निर्णय झाले, त्यांतले किती नायिकेने स्वतःबद्दल घेतले, एवढंच टिपा आणि आकडा संपादकांना कळवा. आलेली पत्रं संक्रांतीच्या सुमारास छापण्याचा विचार आहे. घरातल्या बायकांची पत्रं त्यांनी स्वतः लिहिलेली असावीत. शुभ दीपावली.