आधी ई-बुक, मग कागद: जीएसटी परिषदेस अनावृत पत्र

मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
वस्तू आणि सेवा कर परिषद, नवी दिल्ली



माझ्या कादंबरीत एक आजी चौथ्या प्रकरणात वारते आणि अकराव्या प्रकरणात पुरण वाटायला बसते. ही चूक मला सापडली नाही, मुद्रिते तपासणाऱ्या मैत्रिणीलाही नाही. ती सापडली एका वाचकाला. पुस्तक छापखान्यात जाण्याच्या दीड महिना आधी त्याने माझे ई-बुक पैसे मोजून विकत घेतले होते. छापील आवृत्तीत आता पुरण सून वाटते.

त्या वाचकाने मोजलेल्या पैशांत १८ टक्के जीएसटी होता. हे पत्र त्याबद्दल आहे.

मला प्रकाशक नाही. अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, कागद, छपाई, बांधणी हा सगळा खर्च पुस्तक विकण्याआधी करायचा असतो. त्यानंतर वितरकाचे कमिशन, आणि न खपलेले गठ्ठे पलंगाखाली. म्हणून माझ्यासारखे लेखक उलट क्रमाने जातात. मजकूर तयार झाला की आधी ई-बुक विकतात, त्यातून आलेल्या पैशांवर आणि अंदाजावर छपाईचा आकडा ठरवतात.

मराठी वाचकाला यात नवे काही नाही. प्रकाशनपूर्व सवलतीची पावती फाडून महिनोन्‌महिने पुस्तकाची वाट पाहणारी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी तर शंभर वर्षांपूर्वी मर्यादित कंपनी काढली, वर्गणीदार मिळवले आणि ज्ञानकोशाचे खंड सिद्धीस नेले. पुस्तक हातात येण्याआधी पैसे देणारा वाचक हा मराठी ग्रंथव्यवहाराचा जुना आधार आहे. फरक इतकाच, की आता त्याला पावतीऐवजी लगेच मजकूर मिळतो.

ही आगाऊ विक्री माझी जाहिरातही असते. वर्तमानपत्रात चौकट छापायला माझ्याकडे पैसे नाहीत. पण जो वाचक इतरांच्या आधी पुस्तक वाचतो, त्याला ते दुसऱ्याला सांगितल्याशिवाय राहवत नाही. पुस्तक दुकानात येईपर्यंत चार घरांत, दोन वाचनालयांत आणि सिंगापूरच्या एखाद्या भावाच्या फोनवर त्याची चर्चा पोचलेली असते. परदेशातल्या वाचकाला छापील पुस्तकापेक्षा टपालखर्च जड पडतो. त्याला ई-बुक पुण्यातल्या वाचकाला मिळते त्याच मिनिटाला मिळते.

इतर देशांत हा रस्ता चांगलाच मळला आहे. अमेरिकेतील बेन बुक्स ही विज्ञानकथांची प्रकाशनसंस्था अंतिम मुद्रितशोधन न झालेल्या कादंबऱ्यांची ई-आवृत्ती छापील पुस्तकाच्या काही महिने आधी साधारण १५ डॉलरला विकत आली आहे. चुका राहिलेली ही प्रत नंतरच्या शुद्ध ई-बुकपेक्षा महाग असते, आणि वाचक ती घेतात! ते लवकर वाचण्याचे पैसे मोजत असतात. लेखक अँडी वीयरने ‘द मार्शन’ ही कादंबरी आधी स्वतःच्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने फुकट दिली. वाचकांनी त्यातल्या विज्ञानाच्या चुका दाखवल्या, त्याने त्या सुधारल्या. मग वाचकांच्याच आग्रहावरून २०११ मध्ये किंडलवर ९९ सेंटला ठेवली. मोठ्या प्रकाशकाची छापील आवृत्ती निघाली ती २०१४ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी चित्रपट आला.

आता आपल्या नियमाकडे येते. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे, त्याबद्दल वाचक आपला ऋणी आहे. ई-बुकवरचा कर आपण जुलै २०१८ मध्ये १८ वरून ५ टक्क्यांवर आणलात, तेही चांगलेच केलेत. पण ती सवलत देताना ई-बुकची व्याख्या केलीत ‘छापील पुस्तकाची इलेक्ट्रॉनिक आवृत्ती’ अशी. म्हणजे कागद आधी, पडदा नंतर. ज्याची छापील प्रत अस्तित्वात नाही ते या व्याख्येत बसत नाही आणि १८ टक्क्यांत जाते. या हिशेबाने २०११ सालचे ‘द मार्शन’ पुस्तकच ठरले नसते.

मोठ्या प्रकाशकाला ही अट टोचत नाही. तो छापील प्रत आणि ई-बुक एकाच दिवशी बाजारात आणू शकतो. ती टोचते छपाईचे पैसेच ई-बुकमधून उभे करणाऱ्याला. करासह १०० रुपये किंमत ठेवली, तर १८ टक्के दराने १५ रुपये २५ पैसे करात जातात. ५ टक्क्यांनी ४ रुपये ७६ पैसे गेले असते. फरक साडेदहा रुपयांचा. ई-बुक विकणाऱ्या ऑनलाइन मंचाचा वाटा त्यानंतर कापला जातो. वार्षिक २० लाखांच्या आत उलाढाल असलेला लेखक स्वतः थेट विकेल तर त्याला जीएसटीची नोंदणी लागत नाही, हे मला ठाऊक आहे. पण वाचक जिथे आहे ते मोठे मंच स्वतः विक्रेते असतात आणि कर लावतात. घरून विकायचे तर वाचक आधी शोधून काढावा लागतो, आणि तेच तर माझे दुखणे आहे.

छपाईची अट काढली तर कोणीही कशालाही पुस्तक म्हणेल, शिकवणीचे व्हिडिओ आणि खेळसुद्धा ५ टक्क्यांत घुसवेल, ही शंका रास्त आहे. पण तिचे उत्तर सरकारच्याच घरात आहे. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था भारतात आयएसबीएन क्रमांक विनामूल्य देते आणि ई-बुकला तो स्वतंत्रपणे मिळतो. तोच पुरावा धरा. क्रमांक असलेले, वाचण्यासाठीचे ई-बुक म्हणजे पुस्तक. कागदावर उतरो वा न उतरो.

व्याख्येतला एक शब्द बदलणे परिषदेला जड नाही. डिसेंबर २०१८ मध्ये आपण संगीताच्या पुस्तकांवरचा १२ टक्के कर एका बैठकीत शून्य केला होता. परिषदेत राज्यांच्या मतांचे एकत्रित वजन दोन-तृतीयांश आहे. म्हणून महाराष्ट्र आणि गोव्याच्या प्रतिनिधींना माझी वेगळी विनंती आहे: हा विषय पुढच्या कार्यसूचीवर आपण आणावा. मराठी आणि कोंकणीत लिहिणाऱ्या नवोदिताची पहिली आवृत्ती किती छोटी असते, हे दिल्लीला आपल्याशिवाय कोण सांगणार?

शेवटी त्या वाचकाविषयी. छापील पुस्तक निघाल्यावर त्याने तेही विकत घेतले, भेट द्यायला म्हणून. त्या प्रतीवर एक पैसाही कर नव्हता. गोष्ट तीच, माणसे तीच. १८ टक्के भरलेल्या प्रतीत आजी सात प्रकरणे जास्त जगली, एवढाच काय तो फरक.



आपली,
स्वतःची पुस्तके स्वतः काढणारी एक मराठी लेखिका