परगावचा सामना

आपला संघ परगावी खेळावयास निघाला की त्याच्यामागून जाण्याची परवानगी मागणारी मुले दरवर्षी आमच्यापुढे येऊन उभी राहतात. गतवर्षी फुटबॉलचा संघ इंदूरला निघाला तेव्हाही आली. आम्ही एका वाक्यात उत्तर दिले : खेळणाऱ्यांनी जावे, बाकीच्यांनी अभ्यास करावा. सामन्याच्या दिवशी पहाटे त्यांपैकी तिघे जण एकाच मोटारसायकलवर बसून कोलार रोडवरून निघाले आणि सीहोरच्या अलीकडे घसरून पडले. दोघांचे खरचटण्यावर निभावले, एकाचा हात मोडला. आम्ही रुग्णालयात गेलो तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, “सर, कोण जिंकले?” आम्हांस सांगता आले नाही. आम्हीही सामन्याला गेलो नव्हतो.

पालकांनी मुलांना दोष दिला, आम्हीही दिला. परंतु त्या दोषाचा काही वाटा आमच्या त्या एका वाक्याकडे जातो, असे आता आमचे मत झाले आहे.

कोणी म्हणेल, सामन्यापायी एवढ्या लांब जाण्याचे खूळ हवेच कशाला? मोठे सामने घरबसल्या पडद्यावर दिसतात, शाळेच्या सामन्याचा निकाल दूरध्वनीवर कळतो. यावर आमच्या गावचे एक उदाहरण देतो. सुटीत आम्ही गोवा एक्सप्रेसने भोपाळहून मडगावला घरी जातो. तेथे फातोर्ड्याचे मैदान आहे. २० मार्च २०२२ रोजी त्या मैदानावर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला. करोनामुळे त्या मोसमातील सर्व सामने गोव्यातच, बंद दारांआड खेळवले गेले होते. अंतिम सामन्याला दारे उघडली आणि केरळातून माणसांचा लोंढा आला. गंमत अशी की, केरळ ब्लास्टर्सचा नेहमीचा पिवळा रंग त्या दिवशी प्रतिपक्ष हैदराबादच्या अंगावर होता, कारण यजमानपदाचा मान त्यांच्याकडे गेला होता. तरीही केरळची मंडळी पिवळेच सदरे घालून आली! ६८ व्या मिनिटाला केरळने गोल केला. ८८ व्या मिनिटाला साहिल तावोरा या गोव्याच्याच खेळाडूने हैदराबादला बरोबरी साधून दिली, आणि पेनल्टीच्या वेळी लक्ष्मीकांत कट्टीमणी या गोव्याच्याच गोलरक्षकाने तीन फटके अडवले. हैदराबाद ३-१ ने जिंकले.

त्या पिवळ्या सदऱ्यांतील माणसांना तसेच शेकडो किलोमीटर परत जावयाचे होते. पडद्यापुढे हरणारा उठून दिवा मालवतो आणि निजतो. परगावी हरलेल्याला दुसऱ्याच्या आनंदातून वाट काढावी लागते, त्याच गावात चहा मागून प्यावा लागतो. हे शिकवणारा तास आमच्या वेळापत्रकात नाही. त्यातच पाहुणेपणही येते. आमच्या कोंकणीत पाहुण्याला ‘सोयरो’ म्हणतात. मराठीत सोयरा म्हणजे नातलग. २०२२ च्या विश्वचषकात जपानी प्रेक्षकांनी कतार आणि इक्वेडोर यांच्या सामन्यानंतर गॅलरीतील कचरा उचलला. त्यांचा संघ त्या दिवशी खेळलाही नव्हता. असे पाहुणे कोणाला नकोत?

मात्र त्याच २० मार्चला मलप्पुरमहून मोटारसायकलने गोव्याकडे निघालेले दोन तरुण कासरगोड जिल्ह्यात अपघातात मरण पावले. ते सामन्याला पोहोचलेच नाहीत. ही बातमी पालकांनी वाचली असेल तर त्यांच्या भीतीला आम्ही भ्रम म्हणणार नाही. आमचे म्हणणे इतकेच की नुसत्या नकाराने ती भीती टळत नाही. मोकळेपणी जाता आले नाही की मुले चोरून जातात, आणि चोरून जाणाऱ्याच्या डोक्यावर बहुधा हेल्मेटही नसते.

म्हणून मुलांना शाळेनेच न्यावे, आणि आगगाडीने न्यावे. ती मोटारीपेक्षा अधिक वेळ घेते, घेऊ द्यावा. डबा घरचा असावा. दहा मुलांमागे एक शिक्षक असावा, आणि मुलींना वगळू नये. सामना त्यांनाही कळतो, क्वचित आमच्याहून अधिक कळतो. ज्यांना भाडे झेपणार नाही त्यांच्यासाठी स्नेहसंमेलनाच्या सजावटीचा खर्च थोडा कमी करावा. कागदी पताका दोन कमी लागल्या तर कोणाचे काही बिघडत नाही.

यंदा संघ जाईल तेव्हा येऊ इच्छिणाऱ्यांची नावे आम्ही वर्गात लिहून घेणार आहोत. पालकांची स्वाक्षरी आणावी. ज्याचा हात मोडला होता त्याने आपले नाव आधीच देऊन ठेवले आहे.